‘फक्त क्लीनअप’ म्हणणारा पॅच

मी आयुष्यात पहिल्यांदा ‘रिव्ह्यूड-बाय’ (‘मी हे तपासलं’ अशी नावानिशी ग्वाही) दिलं ते एका ओळीच्या पॅचला, म्हणजे कोडमधल्या बदलाला. लिनक्सच्या एका जुन्या ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये) क्षणभर थांबवणारं ‘यूडिले’ हे फंक्शन काढून ‘यूस्लीप-रेंज’ टाकलं होतं. पॅचमधल्या चुका शोधणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट स्वतःच तसं सुचवते. कंपाइलही झालं. फोंड्याला घरी बसलो होतो, जूनचा पाऊस कोसळत होता, वीज कधीही जाईल या धास्तीने पाच मिनिटांत नाव देऊन मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, हे फंक्शन कॉल कुठून होतं ते बघितलंत का? नव्हतं बघितलं. तीन फंक्शनं वर गेलं की इंटरप्ट हँडलर, म्हणजे हार्डवेअरने हाक (इंटरप्ट) दिली की हातातलं काम थांबवून चालणारा कोड! यूडिले प्रोसेसरला जागच्या जागी घिरट्या घालायला लावतं, यूस्लीप-रेंज झोपवतं. हँडलरमध्ये किंवा स्पिनलॉक (इतरांना जागच्या जागी ताटकळत ठेवणारं कुलूप) धरलेला असताना झोपायला परवानगी नसते. चेकपॅच एकेक ओळ वाचतं, कॉल कुठून आला ते त्याला दिसत नाही. ते बघायचं काम माझं होतं.

इथली इंजिनिअरिंगची मुलं विचारतात, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) शिरायचं कुठून? पॅच पाठवण्याआधी महिनाभर दुसऱ्यांचे पॅच वाचा, असं मी सांगतो. ‘ड्रायव्हर्स’खालची ‘स्टेजिंग’ डिरेक्टरी 2008 पासून आहे. कच्चे ड्रायव्हर तिथे ठेवतात आणि नवख्यांची साफसफाई तिथेच चालते. टॅब आणि स्पेसचे पॅच झटपट उरकतात: आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला कोड) डिसअसेंबल करून, म्हणजे मशीनच्या सूचना वाचता येतील अशा करून, ताडून बघा, फरक नसावा. (ओळी पुढेमागे झाल्या की वॉर्निंगच्या मॅक्रोंतले ओळक्रमांक बदलतात, तेवढ्याने घाबरू नका.)

खरी भीती ‘बिनकामाची ओळ काढली’ म्हणणाऱ्या पॅचची.

माझा भाचा म्हापशाला असतो. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या कोणाचा असाच एक पॅच तपासायला घेऊन आला. ‘मामा, बघ ना, कार्डातलं रजिस्टर वाचलंय आणि व्हॅल्यू कोणी वापरतच नाही. ओळ उडवली तर बिघडलं कुठे?’ मी त्याला वरची ओळ वाचायला लावली. (रजिस्टर म्हणजे हार्डवेअरमधला लिहायचा-वाचायचा छोटा कप्पा.) वर कार्ड रीसेट करण्यासाठी रजिस्टरमध्ये लिहिणारं ‘राइटएल’ होतं, खाली ते वाचणारं ‘रीडएल’, त्याखाली दहा मायक्रोसेकंदांचं थांबणं. पीसीआय बसवर (प्रोसेसर आणि कार्ड जोडणाऱ्या वाटेवर) मेमरी-राइट, म्हणजे असं लिहिणं, वाटेतल्या ब्रिज या चिपमध्ये तुंबून राहू शकतो. त्याच डिव्हाइसकडून काही वाचलं की तो आधी पुढे ढकलला जातो, मगच उत्तर येतं. वाचन काढलं तर कार्डाला रीसेट पोचण्याआधीच आपले दहा मायक्रोसेकंद संपलेले असू शकतात. काही चिपांत तर स्टेटस रजिस्टर नुसतं वाचल्यानेच इंटरप्ट पुसला जातो. कंपायलर यातलं काहीच सांगत नाही, आणि हे कार्ड चालू अवस्थेत असलेला माणूस शोधायचा कुठे? जुन्या ड्रायव्हरांचं दुखणं तेच.

‘मग नकार देऊ?’

‘नकार कशाला? विचार.’

‘गिट ब्लेम’ने (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली, कोणती ओळ कोणी कधी लिहिली ते दाखवणारी आज्ञा) त्या ओळीचा माग काढला तर थेट 2005 सालापर्यंत गेला. लिनक्सचा गिटमधला इतिहास तिथेच सुरू होतो, त्यामुळे कारण काही सापडलं नाही. तासभर खपून त्याने दोन वाक्यं लिहिली: हे वाचन वरचा राइट पोचवण्यासाठी असावं असं वाटतं. प्रत्यक्ष हार्डवेअरवर तपासलंय का?

तपासलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुसरी आवृत्ती आली. ओळ जागेवर होती, फक्त वर कॉमेंट चढली होती: ‘राइट फ्लश करण्यासाठी, काढू नये.’