खानदेशच्या उन्हाळ्यापूर्वी गाडीचे कूलंट कसे बदलावे आणि अडकलेली हवा कशी काढावी

घरची गाडी दहा-बारा वर्षे वापरायची असेल, तर खानदेशात तिचा एकूण खर्च टायर-बॅटरीपेक्षा इंजिन किती वेळा तापले यावर ठरतो. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. रेडिएटरचे काम आतले कूलंट (इंजिनाची उष्णता वाहून नेणारे द्रव) आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर हा फरक ७० अंशांचा असतो. हवाच ४५ अंशांची झाली की तो ५० वर येतो आणि तोच रेडिएटर पूर्वीपेक्षा पाव हिश्शाहून जास्त उष्णता कमी बाहेर टाकतो. त्यातच एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे बसवलेला असल्यामुळे एसी चालू असताना रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. थंड गावात खपून जाणारी ढिलाई म्हणूनच इथे खपत नाही.

हे काम फेब्रुवारीअखेरपर्यंत, सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीवर करावे. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, कारण आतले कूलंट दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच ते उकळून तोंडावर उडते.

कूलंट गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच आणावे. रंगावरून प्रकार ठरत नाही. दोन कंपन्यांची हिरवी कूलंट वेगळ्या रसायनांची असू शकतात आणि न जुळणारी कूलंट एकत्र झाली की आत चिकट गाळ धरतो. दाट कूलंट आणले असेल तर ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे मिसळावे. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, साधे पाणी घाला’ हा सल्ला मी तापीकाठच्या प्रत्येक तालुक्यात ऐकला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू उघड्यावर १०६ अंशांच्या आसपास असतो आणि झाकणाचा दाब धरला तर तो १२५ अंशांच्याही पुढे जातो. शिवाय अ‍ॅल्युमिनियमला गंजापासून वाचवणारी रसायने कूलंटमध्ये असतात, पाण्यात नसतात. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांमध्ये धरतो. तो एकदा बसला की सहसा रेडिएटर बदलूनच सुटका होते.

रेडिएटरच्या खालचा नळ किंवा खालचा होजपाईप उघडून जुने कूलंट बादलीत काढावे आणि ते लिटरच्या मापाने मोजून आकडा लिहून ठेवावा. हा आकडा पुढे लागणार आहे. गाळ दिसल्यास डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन थोडे चालवून आणि पुन्हा पूर्ण गार होऊ देऊन तेही काढावे. होजपाईप बोटांनी दाबून पाहावेत. दाबल्यावर भेगा दिसणारा, फुगलेला किंवा कडक झालेला पाईप त्याच वेळी बदलावा. झाकणाचे रबर चपटे झाले असेल तर झाकण नवीन घ्यावे, कारण दाब धरणारे तेच आहे. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फटही टॉर्च लावून पाहावी. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर रोज ये-जा करणाऱ्या गाडीत तिथे सरकीच्या तंतूंचा अक्षरशः नमदा तयार झालेला असतो. तो आतून बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेच्या पाण्याने काढावा. प्रेशरच्या धारेने पाती वाकतात.

इथपर्यंतचे काम कोणीही करू शकतो. खरी अडचण पुढे येते, ती म्हणजे नवीन कूलंट भरताना आत अडकणारी हवा.

इंजिनाच्या आतले मार्ग वळणावळणाचे असतात. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणारी झडप, बंद असताना त्याच्या मागची हवा बाहेर पडत नाही, हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्येही ती अडकते, आणि वरून मात्र रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसतो. २०१६ च्या मे महिन्यात मी याच दिसण्याला फसलो. पाच लिटर तयार कूलंट आणले होते, तीन लिटरमध्येच रेडिएटर भरला, झाकण लावले आणि तिसऱ्या दिवशी आई, पत्नी आणि दोन्ही मुलांना घेऊन चाळीसगावहून औट्रम घाटाने निघालो. शिल्लक राहिलेले दोन डबे हाच इशारा होता आणि तो मी ओळखला नाही. घाटात वाहने खोळंबली होती. तापमानाचा काटा मध्यावरच होता, पण एसी अचानक गरम हवा देऊ लागला, मग गोडसर वास आला आणि पाठोपाठ बॉनेटमधून वाफ निघाली. भर दुपारी आईला रस्त्याकडेच्या कठड्याच्या सावलीत बसवून ठेवावे लागले, ते मला आजही विसरता येत नाही. चाळीसगावच्या मिस्त्रीने ऑइलचे झाकण उघडून दाखवले, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा पिवळसर पांढरा थर होता. नंतर त्याने काढलेल्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, पोलादी पट्टी उभी धरली आणि मागून टॉर्च लावला. पट्टीखालून उजेडाची केसाएवढी रेघ आरपार दिसली. हेड बेंड झाले होते आणि त्याच्याखालचे गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारे पातळ पॅकिंग, गेले होते.

काटा मध्यावर का राहिला, हेही समजून घेतले पाहिजे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे सांगतो. त्याच्याभोवती हवा असेल तर तो कमी दाखवू शकतो. शिवाय बऱ्याच गाड्यांमध्ये काटा बऱ्याच अंशांच्या पट्ट्यात मध्यावरच स्थिर राहील असा मुद्दाम बसवलेला असतो, आणि कित्येक नव्या गाड्यांत तर काटा नसून फक्त लाल दिवा असतो. म्हणून ‘काटा मध्यावर आहे म्हणजे सगळे ठीक आहे’ हे मी आता कोणाकडूनही ऐकून घेत नाही.

हवा काढण्याची माझी पद्धत अशी आहे. गाडी पुढून उंच होईल अशा चढावर उभी करावी, हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत. हीटर पूर्ण गरमवर, पंखा सर्वांत कमी वेगावर आणि एसी बंद ठेवावा. आपल्याकडे हीटर कोणी वर्षानुवर्षे लावत नाही, त्यामुळे ज्या गाड्यांत त्याला वेगळा व्हॉल्व्ह असतो त्यांत तो भाग बंदच राहतो आणि हवा नेमकी तिथे दडते. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा वरच्या पाईपवर हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करावा आणि त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग धार आल्यावरच बंद करावा. कूलंट बारीक धारेने ओतावे आणि ओतता ओतता वरचा होजपाईप मुठीत धरून दाबत-सोडत राहावे. प्रत्येक दाबासरशी ‘बुडुक’ करून हवा वर येते आणि पातळी उतरते.

आता झाकण उघडेच ठेवून इंजिन सुरू करावे आणि ते आपल्या आयडलवर चालू द्यावे. घाई करून रेस देऊ नये, त्याने हवा बाहेर येण्याऐवजी कूलंटमध्ये घुसळली जाते. रेडिएटरचा फॅन केव्हाही सुरू होतो, म्हणून हात आणि गळ्यातला रुमाल लांब ठेवावा. दहा ते वीस मिनिटांत थर्मोस्टॅट उघडतो. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो. त्या क्षणी पातळी एकदम खाली जाते. मी त्या वेळी नव्या कूलंटचा डबा हातात धरूनच उभा असतो. लगेच भरावे, पातळी स्थिर होताच झाकण लावावे आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे. ज्या गाडीत रेडिएटरला झाकणच नसते, तिथे दाबाचे झाकण बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीवर असते आणि हेच सगळे त्या बाटलीतून करावे.

शेवटी तीन गोष्टी तपासाव्यात. हीटरमधून कढत हवा यायला हवी; इंजिन गरम आणि हीटर कोमट असेल तर हवा आत आहे. रेडिएटरचे वरचे आणि खालचे दोन्ही पाईप गरम लागायला हवेत. तिसरी गोष्ट मी कधीही सोडत नाही: जेवढे लिटर काढले, जवळपास तेवढेच आत गेले पाहिजेत. अर्धा लिटर कमी गेले असले तरी मी गाडी घाटात नेत नाही, सगळे पुन्हा करतो. मात्र बुडबुडे सोड्यासारखे बारीक असतील आणि अर्धा तास झाला तरी थांबत नसतील, तर ती भरताना राहिलेली हवा नव्हे. सिलिंडरमधला वायू गॅस्केटमधून कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता मोठी आहे आणि गाडी मिस्त्रीला दाखवावी.

गाडी तरीही तापली तर ‘भाऊ, थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गार राहील’ असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्याला नकार द्यावा. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट उघडीच राहते आणि काही कूलंट रेडिएटरकडे न जाता परत फिरते. एरवी इंजिन गरजेपेक्षा थंड चालते, पेट्रोल जास्त पिते आणि लवकर झिजते. फॅन डायरेक्ट करून घेणे, म्हणजे तो सेन्सरशिवाय सतत चालेल असा जोडणे, हाही उपाय नाही. बिघडलेला सेन्सर किंवा रिले बदलणे स्वस्त पडते.

खर्चाचे सांगायचे तर माझ्या वहीत अकरा वर्षांत कूलंट, दोन झाकणे, पाईप, एक थर्मोस्टॅट आणि एक वॉटर पंप यांची बेरीज दहा हजारांच्या आत आहे. औट्रम घाटातल्या त्या एका दुपारी हेड फेसिंग (हेड पुन्हा सपाट करणे), गॅस्केट, ऑइल आणि मजुरी मिळून २६,५०० रुपये गेले आणि गाडी नऊ दिवस उभी राहिली. गाडी विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाने पहिला प्रश्न ‘इंजिन खोलले होते का?’ हाच विचारला, आणि खरे सांगितल्यावर भाव उतरला. तो तोटा वहीत लिहिलेला नाही.

साध्या कूलंटला दोन वर्षांची मुदत धरावी, दीर्घ मुदतीच्या कूलंटला पुस्तिकेतली. बदलल्याची तारीख आणि किलोमीटर बॉनेटखाली चिठ्ठीवर लिहून चिकटवावेत. काढलेले कूलंट बंद डब्यात भरून गॅरेजला द्यावे, गटारात किंवा अंगणात ओतू नये. ते विषारी असते आणि गोडसर असल्यामुळे कुत्री आणि गुरे ते चाटतात. नंतर सलग तीन दिवस सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बाटलीतली पातळी पाहावी. पहिल्या सकाळी ती थोडी उतरली असेल तर उरलेल्या हवेची जागा भरली गेली असे समजून खुणेपर्यंत भरावे. तिसऱ्या सकाळीही उतरत असेल, तर गळती शोधल्याशिवाय गाडी गावाबाहेर काढू नये.