कारखान्यातील अनुभवी इलेक्ट्रिशियन होण्यासाठी कोणती तयारी करावी

बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्री असो, मच्छे येथील मशीन शॉप असो की चिकोडी-अथणीकडचा साखर कारखाना असो, अनुभवी इलेक्ट्रिशियनकडून मुख्य अपेक्षा एकच असते: बंद पडलेल्या यंत्रातील दोष मोजमाप करून शोधावा आणि ते करताना कोणाच्याही जिवाला धोका पोहोचू देऊ नये.

इलेक्ट्रिशियन ट्रेडचा २ वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम, शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र आणि कर्नाटकाच्या विद्युत निरीक्षणालयाचा वायरमन किंवा सुपरवायझर परवाना ही कागदपत्रे तयार ठेवावीत.

पॅनेल उघडण्यापूर्वी सप्लाय बंद करून आयसोलेटरला (सप्लाय पूर्ण तोडणाऱ्या स्विचला) स्वतःचे कुलूप लावावे आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवावी. त्यानंतर मीटर आधी चालू सप्लायवर तपासावा, मग बंद केलेल्या टर्मिनलवर लावावा आणि पुन्हा चालू सप्लायवर तपासून घ्यावा. कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. ड्राइव्हच्या (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणाच्या) बाबतीत सप्लाय तोडल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये सुमारे ५८० व्होल्टपर्यंतचा धोकादायक डीसी दाब काही मिनिटे टिकून राहू शकतो, म्हणून त्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्यावा. मोटरचे मेगरिंग, म्हणजे इन्सुलेशनची तपासणी, करताना ड्राइव्हकडची केबल सोडवूनच ५०० व्होल्टचा मेगर लावावा, अन्यथा महागडा ड्राइव्ह निकामी होऊ शकतो.

खरे कौशल्य छोट्या गोष्टींत दिसते. समजा, १० एचपीची मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीत चालवणाऱ्या स्टार्टरवर) आहे आणि तिच्या नेमप्लेटवर पूर्ण भाराचा करंट १४ अँपिअर आहे. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाल्यास मोटर बंद करणारे साधन) डेल्टाच्या आत, म्हणजे वाइंडिंगच्या मार्गात बसवलेला असेल, तर तेथून एकूण करंटचा काही भागच वाहतो, म्हणून त्याचे सेटिंग १४ च्या ०.५८ पट, म्हणजे सुमारे ८ अँपिअर हवे. तेथे १४ ठेवल्यास मोटर जळेपर्यंत रिले ट्रिप होणार नाही. म्हणून सेटिंगला हात लावण्यापूर्वी वायरिंग पाहावे. मोटर गरम होत असेल, तर केवळ व्होल्टेजवर विसंबू नये. टाँग टेस्टरने (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही फेजचा करंट घ्यावा, कारण एक फेज गेल्यावरही चालू मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज जवळजवळ ठीक दिसू शकते.

पीएलसीचे (यंत्र प्रोग्रॅमनुसार चालवणाऱ्या कंट्रोलरचे) इनपुट-आउटपुट दिवे पाहून दोष सेन्सरकडे आहे की प्रोग्रॅमकडे, एवढे तरी ओळखता यावे. आपल्या भागात ड्रॉइंग इंग्रजीत, ऑपरेटर कन्नड बोलणारा आणि हेल्पर मराठी असे नेहमीच असते, त्यामुळे कामापुरते कन्नड येणे हा सुरक्षिततेचाच भाग मानावा. शिफ्ट संपताना मोजलेले आकडे, बदललेला भाग आणि तात्पुरती जोडलेली वायर नोंदवहीत लिहावी आणि पुढच्या शिफ्टच्या माणसाला ती वायर प्रत्यक्ष दाखवावी.