रेडिओअॅक्टिव्ह आयसोटोप वापरताना या चुका टाळा

आयोडीन-१३१ (किरण सोडत हळूहळू संपत जाणारा, म्हणजे रेडिओअॅक्टिव्ह आयसोटोप) ची हाफ लाइफ, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, ८ दिवस, म्हणून १६ दिवसांत विषय संपला, असा हिशोब करणारे ढिगाने सापडतात. अहो, ८ दिवसांनी निम्मं उरतं, १६ दिवसांनी पाव, आणि दहा हाफ लाइफ झाल्या की कुठे साधारण हजारावा हिस्सा राहतो.

इंडस्ट्रीत हीच चूक अशी नडते. वेल्डिंगचे जॉइंट आरपार किरण सोडून फिल्मवर तपासायला इरिडियम-१९२ चा सोर्स (किरण सोडणारा तुकडा) असतो, हाफ लाइफ ७४ दिवस. सोर्स नवा असताना जो एक्स्पोजर टाइम (फिल्मवर किरण पडू द्यायचा वेळ) ठरवला तोच पाच महिन्यांनी लावला की फिल्म फिकी येणारच, मग डेव्हलपर बदला, फिल्मचा बॉक्स बदला, सगळे उद्योग होतात पण डीके चार्ट (कोणत्या दिवशी सोर्स किती उरला याचा तक्ता) काही कोणी उघडत नाही. सोर्स पावावर आलाय तर टाइम चौपट लागणार, एवढंच आहे ते.

आणि सोर्स ट्यूबमधून आत-बाहेर करायचा क्रँक फिरवून झाला म्हणजे सोर्स कॅमेऱ्यात (तो ठेवायच्या जाड कवचाच्या पेटीत) परत गेलाच असं धरून चालू नका, तो मध्ये ट्यूबमध्ये अडकलेला असू शकतो. सर्व्हे मीटर (किरण मोजणारं यंत्र) हातात घेऊनच जवळ जायचं, पण आधी त्याची बॅटरी बघा, बंद मीटर पण शून्यच दाखवतो!

हॉस्पिटलमध्ये स्कॅनसाठी टेक्निशियम-९९एम, हाफ लाइफ ६ तास. सकाळी ८ ला मोजलेला डोस दुपारी २ ला निम्मा झालेला असतो, त्यामुळे पेशंट उशिरा आला तर लेबलवरचा आकडा धरायचा नाही, परत मोजायचं.

मशीन जुनं झालं म्हणजे सोर्स मेला, हा सगळ्यात घातक समज. सिझियम-१३७ ची हाफ लाइफ ३० वर्षं आहे. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या क्लिनिकमधलं थेरपी मशीन भंगारात गेलं, आतली निळी चमकणारी पावडर लोकांनी हौसेने घरी नेली, चार जण गेले.

उलट कोबाल्ट-६० ने स्टरलाइज केलेल्या सिरिंजला उगाच घाबरतात. गॅमा किरण आरपार जातात, सिरिंज रेडिओअॅक्टिव्ह होत नाही. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ घेतलेल्या पेशंटचं मात्र वेगळं, तिथे आयसोटोप शरीरातच असतो आणि लघवी, घाम, थुंकीतून बाहेर येतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेत तितके दिवस वेगळं झोपायचं आणि लहान मुलं, गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचं, बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडायचं नाही.