एलईडी पट्टीचा ग्रो लाइट: वायरिंग नीट, पत्रा मोठा

पावसाळ्यात पुण्यातल्या फ्लॅटच्या ग्रिलमध्ये कोथिंबीर लांबट, फिकी होते आणि आडवी पडते. तिला प्रकाश कमी पडतो. मग तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून पाच मीटर एलईडी पट्टीचा रोल आणि एक एसएमपीएस (घरातल्या २३० व्होल्टचा पट्टीला लागणारा डीसी करून देणारा डबा) आणायचा, पट्टी कप्प्याच्या फळीला खालून चिकटवायची आणि चालू करायची, असा सरसकट प्रकार असतो. पहिले काही दिवस दिसतंही छान. पुढे एक टोक लोंबायला लागतं, एलईडी पिवळट पडतात, कुठेतरी जोड काळा होतो. प्लायवूड, सनमायका किंवा पीव्हीसीच्या फळीतून उष्णता बाहेर जात नाही आणि पट्टी स्वतःच्याच उष्णतेत शिजते. बजेट ठरवताना पट्टीवर कमी आणि तिची उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर व जोडांवर जास्त खर्च करा.

खालचा हिशोब २ फूट × १ फूट (६० × ३० सेंमी) कप्प्याचा आहे. मेथी, कोथिंबीर, मायक्रोग्रीन आणि रोपवाटिकेतली रोपं यांना तो पुरतो. टोमॅटो-मिरचीला फळं धरायची असतील तर याच्या दुपटीहून जास्त प्रकाश लागतो. तिथे पट्टीचा नाद सोडावा.

सामान

– २४ व्होल्टची पांढरी पट्टी: २८३५ एलईडी (२.८ × ३.५ मिमी आकाराचे), मीटरला १२० नग, मीटरला ९.६ वॉट, ४००० केल्विन, वर सिलिकॉनचं आवरण नसलेली (आयपी २०). ५ मीटरचा एक रोल.
– २४ व्होल्ट, २.२ अँपिअर (५० वॉट) एसएमपीएस. बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असावा.
– ॲल्युमिनियमचा २ मिमी पत्रा, ६० × ३० सेंमी. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे तुकडे वजनावर मिळतात.
– ०.७५ चौ. मिमी तीन कोअरची लवचिक केबल, ६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग.
– डीसीसाठी ०.७५ चौ. मिमी लाल-काळी वायर, पट्ट्या जोडायला ०.५ चौ. मिमी.
– २ अँपिअरचा काचेचा फ्यूज आणि होल्डर, फेरूल (वायरीच्या टोकावर दाबायची धातूची नळी) किंवा लग (स्क्रूखाली बसणारं धातूचं टोक), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), कॅप्टन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशनची पातळ टेप), न्यूट्रल क्युअर सिलिकॉन.

लाल-निळ्या ‘ग्रो’ पट्ट्या घ्यायची गरज नाही. पांढऱ्या प्रकाशात पालेभाजी उत्तम वाढते, आणि त्या जांभळ्या उजेडात पानावरचा मावा किंवा पिवळेपणा दिसतच नाही.

१२ व्होल्टऐवजी २४ का? त्याच वॉटला करंट निम्मा होतो. ३७ वॉटला १२ व्होल्टवर सुमारे ३.१ अँपिअर लागतात, २४ वर १.५४. दोन मीटर लांब ०.७५ वायरमध्ये जाऊन-येऊन जवळपास ०.१ ओहम रोध असतो. म्हणजे १२ व्होल्टला ०.३ व्होल्ट वाटेतच जातात (अडीच टक्के), २४ ला ०.१५ (अर्ध्या टक्क्याच्या जरासं वर). पट्टीतला तांब्याचा थर तर याहून कितीतरी पातळ असतो, म्हणून लांब पट्टीचं शेवटचं टोक मंद दिसतं.

पत्रा आणि पट्टी

नुसत्या हवेवर थंड ठेवायचं असेल तर दर वॉटला सुमारे १०० चौ. सेंमी उघडा धातू धरावा. पंखा असेल तर ४० वर भागतं. आपल्या पत्र्याच्या दोन्ही बाजू मिळून ३,६०० चौ. सेंमी होतात आणि भार ३७ वॉट आहे, म्हणजे वॉटला ९७. बसतं. पण वरची बाजू उघडी राहिली तरच. पत्रा वरच्या फळीला टेकवला की अर्धं क्षेत्रफळ गेलं. दोन्हींमध्ये किमान ५ सेंमी फट ठेवून साखळीने किंवा स्टड-नटाने टांगा.

दोन फुटांच्या बाजूला समांतर, सात ओळी, दोन ओळींत ४ सेंमी आणि दोन्ही कडांना ३ सेंमी. प्रत्येक तुकडा ५५ सेंमीच्या आसपास, कात्रीच्या खुणेवरच कापलेला. खुणेच्या अलीकडे-पलीकडे कापलं तर तो सहा एलईडींचा गट मेला. सात तुकडे मिळून ३.८५ मीटर, म्हणजे ३७ वॉट.

तुकड्यांना वायरी आधी सोल्डर करा, चिकटवा नंतर. उलट केलंत तर सोल्डरिंग गनची उष्णता पत्रा शोषून घेतो, जोड पकडत नाही, आपण जास्त वेळ टेकवून ठेवतो आणि तांब्याचा पॅड उखडून येतो. २५ ते ४० वॉटची गन, ६०/४० सोल्डर. पॅडवर आणि वायरच्या टोकावर आधी थोडं थोडं सोल्डर घेऊन मग दोन-तीन सेकंदात जोड. दाबून लावायचे क्लिप कनेक्टर तात्पुरत्या सजावटीला ठीक. रोज चौदा तास तापून-थंडावून त्यांची पकड सैल होते, आणि सैल जोड तापतो.

आता कापलेलं टोक नीट बघा. कात्रीने कापल्यावर तांब्याची कड उघडी राहते आणि ती पत्र्यापासून चिकटपट्टीच्या जाडीएवढीच वर असते. त्यात सोल्डर करताना सुटलेली एखादी तार केसासारखी खाली वळते आणि टेप भोसकून पत्र्याला लागते. पत्र्यावर ॲनोडायझिंग (वीज न जाऊ देणारा ऑक्साइडचा पातळ थर) असलं तरी त्यावर विसंबू नका, एका ओरखड्यात ते निघतं. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांखाली आधी कॅप्टन टेपचा २ सेंमीचा तुकडा लावा आणि मगच पट्टी बसवा.

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा; तेलकट हाताचा ठसा राहिला तरी पट्टी उन्हाळ्यात सुटते. सुटलेला भाग पत्र्यापासून तुटल्यामुळे आणखी तापतो, त्याने उरलेला गोंद मऊ होतो, आणि मग ओळच्या ओळ खाली येते. पट्टी खालच्या तोंडाने टांगायची असल्याने दोन्ही टोकांना आणि मध्ये सिलिकॉनचा ठिपका द्या. उघड्या जोडांवरही ओलीपासून राखायला तेच लावा. सिलिकॉन घेताना नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं बघा. खिडक्यांना लावतात ते व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि तांबं हिरवं पाडतं.

वायरिंग

सातही तुकडे समांतर जोडायचे, शिडीसारखे: एका कडेने लाल वायर, दुसऱ्या कडेने काळी, आणि प्रत्येक तुकड्याचा प्लस लालला, मायनस काळीला. नागमोडी एकामागे एक जोडले तरी पावणेचार मीटरला करंट झेपतो, पण मग एक जोड सुटला की पुढच्या सगळ्या ओळी अंधारात. पाच-पाच मीटरचे दोन रोल शेपटीला शेपटी लावून मात्र कधीच जोडू नका. सुरुवातीच्या तांब्यातून दुप्पट करंट जातो आणि तो भाग करपतो.

फ्यूज लाल वायरवर, एसएमपीएसच्या अगदी जवळ. खरं तर ५० वॉटचा चांगला एसएमपीएस शॉर्ट झाल्यावर स्वतःच बंद-चालू होत राहतो, फ्यूज उडायच्या आधी. फ्यूजची खरी गरज पडते ती ‘चार कप्प्यांना मिळून एकच मोठा घेऊ’ म्हणून १० अँपिअरचा एसएमपीएस आणल्यावर. एका पट्टीत अर्धवट शॉर्ट होऊन ५ अँपिअर वाहू लागले तरी त्याला तो नेहमीचाच भार वाटतो, आणि पट्टी धूर येईपर्यंत तापते. अशा वेळी प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र २ अँपिअरचा फ्यूज लागतोच.

२३० व्होल्टच्या बाजूला घाई नको. एसएमपीएसवर एल, एन आणि अर्थची खूण अशी तीन टर्मिनलं असतात. केबलमधली तपकिरी किंवा लाल वायर फेज, निळी किंवा काळी न्यूट्रल, हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थ. टोकांना फेरूल दाबा. तारा पिळून सोल्डरने घट्ट करून स्क्रूखाली घालायची पद्धत चुकीची आहे: सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांनी स्क्रू सैल. काही एसएमपीएसवर ११०/२२० चा छोटा सरकता खटका असतो. प्लग लावण्याआधी तो २२० वर आहे ना ते बघा. ११० वर राहिला तर पहिल्याच क्षणी फटाका.

अर्थची वायर एसएमपीएसला, तिथून एक हिरवी वायर लग लावून पत्र्याला, आणि मांडणी लोखंडी असेल तर तिलाही. पत्र्याला हात लावल्यावर बोटाला झिणझिण्या येत असतील तर बहुधा अर्थ नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे अर्थ नसलेल्या बॉडीवर थोडा व्होल्टेज तरंगतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि जुन्या इमारतींत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायरच नसते. यावर प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकायचा ‘इलाज’ सांगणारे भेटतात. न्यूट्रल कुठे तुटला तर याच जोडामुळे पत्रा, मांडणी, सगळं २३० व्होल्टवर येतं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असावा, आणि त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडायला हवा.

एसएमपीएस झाडांच्या कप्प्यात ठेवू नका, पत्र्याच्या डोक्यावर तर नाहीच. मांडणीच्या बाहेर, ट्रेपेक्षा उंच, जाळीची भोकं मोकळी राहतील असा भिंतीला लावा आणि टर्मिनलवर झाकण ठेवा. त्याच्याकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरीला आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, टर्मिनलपर्यंत जाणार नाही. फवारा मारताना आणि ट्रे काढताना प्लग काढलेला असावा.

चालू करण्याआधी आणि नंतर

मल्टिमीटर बझरवर ठेवा; त्याची दोन टोकं एकमेकांना विजेने जोडली गेली असतील तर तो वाजतो. एक टोक पत्र्याला, दुसरं आधी लालला, मग काळीला: दोन्ही वेळा आवाज यायला नको. आला तर कापलेली टोकं एकेक करून तपासा. लाल-काळीमध्येही आवाज यायला नको.

मग पट्टी न जोडता फक्त एसएमपीएस चालू करून व्होल्टेज मोजा. टर्मिनलशेजारी बारीक स्क्रू असतो, त्यावर व्ही-ॲडज असं लिहिलेलं असतं. तो फिरून २६ व्होल्ट झालेला असेल तर पट्टीत ३० टक्क्यांच्या आसपास जास्त करंट जातो. कारण साधं आहे: सहा एलईडींच्या गटाला सुमारे साडेसतरा व्होल्ट लागतात, उरलेले साडेसहा रेझिस्टर खातो आणि करंट त्या उरलेल्यावर ठरतो. हाच स्क्रू उलटा फिरवून २२.५ केलात तर करंट पाचव्या हिश्शाने उतरतो, प्रकाश मात्र डोळ्याला जेमतेम कमी वाटतो. एप्रिल-मे महिन्यात ही युक्ती फुकटात कूलिंग देते.

तापमान स्थिर व्हायला तासभर लागतो, त्यामुळे दहा मिनिटांनी हात लावून निर्धास्त होऊ नका. तासाभराने पत्रा खोलीपेक्षा १५ अंशांपर्यंत गरम असेल तर ठीक. मे महिन्यात खोली ३६ वर असली तर पत्रा ५१ होईल; ५५ च्या वर जाऊ देऊ नका. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर खोटं, खूपच कमी तापमान दाखवतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. सगळा पत्रा कोमट आणि एकच जोड चटका देणारा असेल तर तो जोड सैल आहे.

मांडणी कपाटात असेल किंवा तीन बाजूंनी बंद असेल तर पंखा हवाच. १२० मिमीचा २४ व्होल्टचा पंखा घ्या आणि हवा पत्र्याच्या वरच्या बाजूने आडवी जाऊन बाहेर पडेल असा लावा. संगणकातला १२ व्होल्टचा पंखा २४ वर थेट जोडला की जळतो. अगदी एकसारखे दोन असतील तर ते एकामागे एक जोडून चालतात. उजेड परतवायला बाजूंना थर्माकोल किंवा स्वयंपाकघरातली फॉइल लावतात. थर्माकोल वितळतो आणि पेटतो, फॉइल पट्टीवर पडली तर शॉर्ट. पांढरा रंग दिलेला पत्रा बरा.

पट्टी पानांपासून १५ ते २५ सेंमीवर ठेवा. मेथीला आणि मायक्रोग्रीनला १४ तास, कोथिंबिरीला १२, कारण मोठ्या दिवसात ती लवकर तुऱ्यावर जाते. प्लगपाशी ४३ वॉटच्या आसपास खेचले जातात, म्हणजे १४ तासांना महिन्याला साधारण १८ युनिट. टायमर यांत्रिक असेल तर गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघालं की वीज जाईल तितके तास तो मागे पडतो. बॅटरीवाला डिजिटल घेतलेला बरा. चार एसएमपीएस एकाच स्वस्त टायमरवर लावू नका. चालू होताना प्रत्येक एसएमपीएस क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, त्याने टायमरचे काँटॅक्ट चिकटतात आणि दिवे रात्रभर जळत राहतात.

एका ओळीतले सहाच एलईडी विझले तर त्या गटातला एक एलईडी किंवा रेझिस्टर गेला आहे. दोन खुणांमधला तेवढा तुकडा कापून नवा सोल्डर करा. सगळी पट्टी सेकंदा-सेकंदाने लुकलुकली तर एसएमपीएसवर भार जास्त आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. प्लग काढा आणि ओळी एकेक करून सोडवत जा. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून पत्र्यावरची धूळ पुसा आणि टर्मिनलचे स्क्रू एकदा आवळा.