एकाच वेळी अनेक नेटवर्कवर पोस्ट करणारी स्क्रिप्ट: या चुका टाळा

एकच छोटा मजकूर मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय या दोन्ही समाजमाध्यमांवर पाठवणारी स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) स्वतःच्या सर्व्हरवर तासाभरात चालू होते, आणि बहुतेक नवखे तिथेच काम संपले असे समजतात.

मराठीत लिहिणाऱ्यांना हमखास भोवणारी चूक म्हणजे ब्लूस्कायवरील लिंकची जागा अक्षरे मोजून ठरवणे. एपीआयद्वारे, म्हणजे प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या मार्गाने, आलेल्या मजकुरातील लिंक ब्लूस्काय आपणहून ओळखत नाही. ती कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतील बाइट (साठवणुकीची एकके) मोजून कळवावे लागते. इंग्रजी अक्षर १ बाइटचे असल्याने इंग्रजीतली चाचणी बिनचूक उतरते. देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. ‘पुणे’ हा शब्द दिसतो दोन अक्षरांचा, पण भरतो १२ बाइट. आमच्या भटकंती गटाची स्क्रिप्ट मी आठवडाभर ‘टेस्ट’ असे रोमन लिपीत लिहूनच तपासली होती. पावसामुळे सहल रद्द झाल्याची पहिली मराठी सूचना गेली, तेव्हा निळी लिंक सुरुवातीच्या शब्दांवर जाऊन बसली आणि शेवटचा पत्ता दाबून काहीच उघडेना. रात्री उशिरापर्यंत मी एकेकाला फोन करत होतो. तेव्हापासून माझी प्रत्येक चाचणी जोडाक्षरांनी भरलेल्या मराठी वाक्यावरच होते.

दुसरी चूक अधीरतेची आहे. सर्व्हरचे उत्तर वेळेत आले नाही, म्हणजे पोस्ट गेली नाही असे नव्हे. तरीही दर मिनिटाला पुन्हा पाठवण्याची आज्ञा लिहून लोक मोकळे होतात आणि वाचकांपुढे एकच मजकूर चार वेळा येतो. मॅस्टोडॉनमध्ये यासाठी ‘आयडेम्पोटन्सी-की’ नावाचा हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) आहे: त्यातली तीच की, म्हणजे पोस्टची ओळखखूण, पुन्हा आली तर दुसरी पोस्ट तयार होत नाही. ही की जास्तीत जास्त १ तास जपली जाते, म्हणून त्यानंतर मी खाते स्वतः उघडून पाहिल्याशिवाय काहीही पुन्हा पाठवत नाही.

ब्लूस्कायचा मुख्य पासवर्ड स्क्रिप्टमध्ये कधीही लिहू नये. त्यासाठी अ‍ॅप पासवर्डची (हवा तेव्हा रद्द करता येणाऱ्या वेगळ्या पासवर्डची) सोय आहे. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल, तर सकाळी ९ ची पोस्ट भारतात दुपारी २:३० वाजता निघते. मॅस्टोडॉनची नेहमीची मर्यादा ५०० अक्षरांची आणि ब्लूस्कायची ३०० ची असल्याने काहीजण उरलेला मजकूर यंत्राकडून छाटून घेतात, ते मला मुळीच पटत नाही; मी आधी ३०० अक्षरांत बसणारा मजकूर लिहितो आणि तोच दोन्हीकडे पाठवतो.