परसात शेड किंवा डेक: अमेरिकेत कुदळ मारण्याआधी काय तपासायचं

‘दोनशे चौरस फुटांच्या आतल्या शेडला परमिट लागत नाही’ हे वाक्य अमेरिकेत घर घेतलेल्या प्रत्येकाच्या कानावर कधी ना कधी पडतं. ते अर्धंच खरं आहे, आणि फसगत उरलेल्या अर्ध्यात होते. परमिट हा बिल्डिंग कोडचा विषय: बांधकाम मजबूत आहे का, आगीपासून सुरक्षित आहे का. झोनिंग वेगळंच विचारतं: एवढी मोठी वस्तू या जागी, हद्दीपासून इतक्या जवळ चालेल का? परमिट माफ असलं तरी झोनिंग माफ होत नाही. कॉलनीला एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर तिची मंजुरी ही तिसरी गोष्ट. तिचं पत्र सिटी हॉलमध्ये चालत नाही आणि सिटीचं परमिट तिच्यापुढे चालत नाही.

२०० चा आकडा इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या घरांसाठीच्या नमुना बिल्डिंग कोडमधला आहे, तोही घरापासून सुट्या, एकमजली शेडपुरता. जुन्या आवृत्त्यांत तो १२० होता, आणि अनेक गावांनी आपापला वेगळा आकडा ठेवला आहे. डेकला (परसातल्या उंच लाकडी ओट्याला) त्याच कोडमध्ये चार अटी एकदम लागतात: क्षेत्रफळ २०० चौरस फुटांच्या आत, जमिनीपासून उंची कुठेही ३० इंचांहून जास्त नाही, घराला जोडलेला नाही, आणि कोडने सक्तीच्या केलेल्या बाहेर पडायच्या दारापुढे नाही. यातली एक जरी चुकली तरी परमिट आलंच. उताराच्या परसात दाराशी १८ इंच उंच असलेला डेक पलीकडच्या टोकाला सहज ३६ इंच होतो. हिशेबात ते टोक धरतात. शेडमध्ये दिवा किंवा प्लग घेतलात तर विजेचं परमिट वेगळं.

आधी तुमच्यावर हुकमत कुणाची ते शोधा. टपालाच्या पत्त्यात शहराचं नाव असलं तरी घर शहराच्या हद्दीबाहेर, थेट काउंटीच्या अखत्यारीत असू शकतं. मग झोनिंग नकाशावर आपला डिस्ट्रिक्ट बघा (आर-१, आर-२ अशी नावं असतात) आणि नियमावलीत ‘अ‍ॅक्सेसरी स्ट्रक्चर्स’चं प्रकरण (घराखेरीज शेडसारखी दुय्यम बांधकामं) काढा. त्याआधी व्याख्यांचं प्रकरण जरूर वाचा; सगळी मेख तिथेच असते. उंची छपराच्या टोकापर्यंत मोजायची की उताराच्या मध्यापर्यंत, सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं किमान अंतर) भिंतीपासून धरायचा की पागोळीपासून, हे गावोगाव बदलतं. ह्यूस्टनसारख्या शहरात झोनिंगचा कायदाच नाही, पण तिथेही खरेदीच्या कागदांतल्या डीड रिस्ट्रिक्शन्स लागू होतात.

सेटबॅक मोजताना सर्वांत जास्त चुका होतात, कारण लोक कुंपणापासून टेप लावतात. कुंपण म्हणजे हद्द नव्हे. पुढच्या बाजूला फुटपाथची कड म्हणजेही हद्द नव्हे. रस्त्याची सरकारी जागा बरेचदा तुमच्या हिरवळीत काही फूट आत आलेली असते. काउंटीच्या ऑनलाइन नकाशावरची रेघ अंदाजापुरतीच धरा. खरा आधार म्हणजे सर्व्हेचा प्लॅट, म्हणजे जागेचा मोजणी नकाशा. घरखरेदीच्या फाइलमध्ये तो असतो का बघा, नाहीतर सर्व्हेअरकडून कोपऱ्यांच्या लोखंडी खुणा शोधून घ्या. त्याच प्लॅटवर तुटक रेघांनी इझमेंट दाखवलेली असते. पाण्याच्या निचऱ्यासाठी किंवा वीज-गॅस कंपन्यांसाठी राखलेल्या त्या पट्ट्यात शेड ठेवली, तर कंपनी ती हलवायला लावू शकते आणि खर्च तुमच्याच खिशातून जातो. कोपऱ्याच्या प्लॉटला बऱ्याच ठिकाणी दोन ‘पुढच्या’ बाजू धरतात, त्यामुळे तुम्ही ज्याला बाजूचं अंगण समजता तिथे शेड बसतच नाही.

पॅटिओवाल्यांना वाटतं, आपण जमिनीवर नुसत्या फरश्या घालतोय, आपल्याला कसला नियम? पण पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाची मर्यादा असते, आणि ती पॅटिओलाच आडवी येते. समजा प्लॉट ८,००० चौरस फूट आणि मर्यादा ३५ टक्के, म्हणजे २,८००. घर १,६००, गॅरेज ४४०, ड्राइव्हवे ४८०, पायवाट १००: झाले २,६२०. उरले १८०. १२ बाय १६ चा पॅटिओ १९२ होतो, म्हणजे १२ चौरस फुटांनी नापास. १२ बाय १४ चा १६८, तो बसतो. पाणी झिरपणारे पेव्हर वापरले तर काही गावं सूट देतात, काही देत नाहीत. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, झोनिंगवाल्यांना ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

घर फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेच्या नकाशावरच्या पूरक्षेत्रात असेल तर लहानशा शेडलाही पूरक्षेत्राचं परमिट लागतं. सेप्टिक असेल तर टाकी आणि लीच फील्ड (सांडपाणी जमिनीत मुरवायची जागा), दोन्हींवर काही ठेवायचं नाही.

अर्जासाठी प्लॅटच्या प्रतीवर शेड किंवा डेक प्रमाणात काढा, १ इंचाला २० फूट हे प्रमाण पुरतं. प्रत्येक हद्दीपासूनचं अंतर फुटांत लिहा. डेकचं परमिट असेल तर बाजूचा छेद, जॉइस्टची (फळ्यांखालच्या आडव्या तुळयांची) मापं आणि फूटिंगची (खांबाखालच्या पायाची) खोली दाखवा. फूटिंग गोठणरेषेखाली, म्हणजे जमीन जितकी खोल गोठते त्याच्या खाली, जायला हवं, नाहीतर हिवाळ्यात जमीन फुगून खांब उचलले जातात. मिनेसोटात ही खोली दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच आहे. ३० इंचांहून उंच डेकला किमान ३६ इंचांचा कठडा लागतो, आणि त्याच्या फटींतून ४ इंचांचा गोळा आरपार जाता कामा नये.

नियमात बसत नसेल तर व्हेरिअन्स (नियमातून खास सूट) मागता येतो, पण अडचण जमिनीची असावी लागते: विचित्र आकार, तीव्र उतार. ‘गवत कापायचा ट्रॅक्टर मोठा आहे’ हे कारण झोनिंग बोर्ड ऐकत नाही.

खणण्याच्या काही कामकाजाचे दिवस आधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या वायरी-पाइप दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन करा. सेवा फुकट आहे. जमिनीवर रंग मारून जातात: लाल विजेचा, पिवळा गॅसचा, निळा पाण्याचा, नारिंगी फोन-केबलचा, हिरवा सांडपाण्याचा. मीटरच्या पुढची तुमची खासगी लाइन, म्हणजे ग्रिलकडे नेलेला गॅस किंवा गॅरेजची वायर, ते दाखवत नाहीत. आणि खड्डे इन्स्पेक्टरने बघेपर्यंत काँक्रीट ओतू नका. ओतलंत तर खोली सिद्ध करायला फूटिंगच्या कडेने पुन्हा खणून तळ उघडा करावा लागतो.