चालू बॅकअपला वेब इंटरफेस जोडताना

नागपूरला मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कात सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणून नव्याने रुजू झालात की असं काम लवकरच अंगावर येऊ शकतं. सर्व्हरवर रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रामचा बॅकअप क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) रोज चालतो, पण तो झाला की फसला हे फक्त टर्मिनल उघडणाऱ्यालाच कळतं. बाकीच्यांना ते ब्राउझरमध्ये दिसायला हवं असतं. यासाठी बॅकरेस्ट हा मुक्त स्रोत वेब इंटरफेस डॉकरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये, बसवता येतो. तो आतून रेस्टिकच चालवतो, त्यामुळे जुनी रेपॉझिटरी (बॅकअपचा साठा) आणि जुने स्नॅपशॉट (त्यातली एकेका वेळची प्रत) तसेच वापरता येतात. काळजी मात्र एका गोष्टीची घ्यावी लागते: रेस्टिकला कंटेनर हे जुनंच मशीन वाटलं पाहिजे.

रेस्टिक मागचा स्नॅपशॉट शोधतो तो होस्टनेम (मशीनचं नाव) आणि पाथ (फोल्डरचा पत्ता) जुळवून. कंटेनरची मांडणी लिहिलेल्या कंपोज फाइलमध्ये होस्टनेम दिलं नाही, तर डॉकर कंटेनरच्या आयडीलाच होस्टनेम करतो आणि कंटेनर नव्याने बनवला की तेही बदलतं. मागचा स्नॅपशॉट सापडला नाही की रेस्टिक सगळ्या फाइली पहिल्यापासून वाचतो. डीडुप्लिकेशनमुळे (तोच डेटा पुन्हा न साठवल्यामुळे) जागा फारशी वाढत नाही, पण काही मिनिटांचं काम तासांवर जातं. म्हणून सर्व्हरचं होस्टनेम जसंच्या तसं लिहा. पाथचंही तेच. सर्व्हरवरचा ‘/होम’ कंटेनरमध्येही ‘/होम’ याच जागी माउंट करा, ‘/डेटा/होम’ असा नवा पत्ता देऊ नका. हा माउंट फक्त वाचण्यापुरता ठेवा. एक्सक्लूड फाइल (बॅकअपमधून काय वगळायचं याची यादी) वापरत असाल, तर तीही आत पोहोचली पाहिजे.

घड्याळ दुसऱ्या नंबरवर. टाइमझोन दिला नाही, तर कंटेनर यूटीसीवर चालतो आणि रात्री २ला लावलेला बॅकअप आपल्याकडे सकाळी ७:३०ला सुरू होतो. टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ ठेवा.

कॉन्फिग, डेटा आणि कॅशे या तिन्ही फोल्डरांना सर्व्हरवर कायमची जागा द्या. कॉन्फिग फाइलमध्ये रेपॉझिटरीचा पासवर्ड उघडा असू शकतो, तेव्हा ती फक्त रूटलाच वाचता यावी. तो पासवर्ड सर्व्हरबाहेरही सुरक्षित लिहून ठेवा. हरवला तर डेटा कुणालाच उघडता येत नाही.

बॅकरेस्टचा पोर्ट ९८९८. तो नुसता उघडलात, तर डॉकर आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये स्वतःचे नियम टाकतो आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या साधनात बंद दिसणारा पोर्टही बाहेरून उघडा राहतो. नवख्यांना हे हमखास चकवतं. पोर्ट १२७.०.०.१ला, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःपुरत्या पत्त्याला, बांधा आणि एसएसएच टनेलने किंवा एचटीटीपीएस असलेल्या रिव्हर्स प्रॉक्सीमधून वापरा.

बॅकरेस्ट पहिल्यांदा उघडताना विचारला जाणारा इन्स्टन्स आयडी (या बॅकरेस्टचं नाव) विचार करून द्या, तो नंतर बदलत नाही. मग जुन्या रेपॉझिटरीचा पत्ता आणि पासवर्ड भरून स्नॅपशॉट इंडेक्स करा. जुने स्नॅपशॉट कुठल्याच प्लॅनशी (बॅकरेस्टमध्ये ठरवलेल्या बॅकअपच्या योजनेशी) न जोडलेले दिसतील. त्यात बिघाड काही नाही, पण नव्या प्लॅनचे ठेवण्या-काढण्याचे नियम त्यांना लागू होत नाहीत. त्यांची छाटणी हाताने ‘फर्गेट’ ही स्नॅपशॉट काढणारी कमांड चालवूनच करावी लागते.

आता लॉक, म्हणजे रेपॉझिटरी वापरात असल्याची रेस्टिकची खूण. नागपूरच्या उन्हाळ्यात वीज गेली, यूपीएस संपला आणि बॅकअप चालू असतानाच सर्व्हर बंद पडला, की रेपॉझिटरीत लॉक उरतो. पुढचा बॅकअप त्यावरून चालतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. नको झालेला डेटा पुसणाऱ्या ‘प्रून’ला मात्र एकट्यासाठी लॉक लागतो, ते अडतं आणि डिस्क भरत जाते. ‘अनलॉक’ने फक्त शिळे लॉक निघतात, ३० मिनिटांहून जुना लॉक रेस्टिक शिळा धरतो. एकाच रेपॉझिटरीत अनेक मशीन लिहीत असतील, तर आपोआप अनलॉकचा पर्याय लावू नका. दुसऱ्याचं चालू काम तुटू शकतं.

आवृत्तीही बघा. रेस्टिक ०.१४पासून, म्हणजे २०२२पासून, नवी रेपॉझिटरी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बनते. कंटेनरमध्ये नवी रेपॉझिटरी बनवलीत आणि सर्व्हरवर ०.१२ असेल, तर अडचणीच्या वेळी तिथल्या रेस्टिकला ती वाचता येणार नाही. दोन्हीकडे नवी आवृत्ती ठेवा.

रिस्टोअरसाठी वेगळं, लिहिता येणारं फोल्डर माउंट करा. नाहीतर परत आणलेल्या फाइली कंटेनरच्या पोटात उतरतात आणि कंटेनर काढला की त्याच्यासोबत जातात. तिथे एखादं मोठं फोल्डर उतरवून मूळ फाइलींशी चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) जुळवा. ते जुळलं, एक रात्रीचा बॅकअप वेळेवर झाला, आणि रेपॉझिटरी तपासणारं ‘चेक’ ५ टक्के डेटा प्रत्यक्ष वाचून स्वच्छ निघालं, तरच क्रॉनच्या जुन्या ओळीपुढे # लावून ती बंद करा. दोन्ही वेळापत्रकं एकदम चालू ठेवू नका. एकाचं ‘प्रून’ दुसऱ्याच्या बॅकअपशी भिडतं आणि लॉगमधली चूक कुणाची हे शोधताना दिवस जातो.